खरखरीचा कर्ता

स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा, ज्याला बाजारात सगळे एसएमपीएस म्हणतात, मोबाइलच्या चार्जरपासून सौर कृषिपंपाच्या कंट्रोलरपर्यंत आणि एलईडी बल्बपासून रेल्वेच्या इंजिनापर्यंत एकाच तत्त्वावर चालतो. वीज अडवून धरायची नाही, तिचे तुकडे करायचे. जुन्या लिनिअर पद्धतीत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायचे तर मधले ७ व्होल्ट उष्णतेत जाळावे लागत. कार्यक्षमता फार तर ४२ टक्के. स्विचिंग पद्धतीत मॉस्फेट नावाचा अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो ते लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो. बंद असताना त्यातून प्रवाह जात नाही, चालू असताना त्याच्या टोकांमध्ये दाब जवळजवळ उरत नाही. म्हणून दोन्ही अवस्थांत वीज फारशी जळत नाही. ती जळते चालूचे बंद आणि बंदचे चालू होताना, मधल्या क्षणी. हा क्षण काही दशक नॅनोसेकंदांचा असतो. तो जितका आखूड तितकी बचत जास्त. ८५ ते ९५ टक्के कार्यक्षमता येते ती या घाईतून, आणि शेजारच्या रेडिओत ऐकू येणारी खरखरही याच घाईतून येते.

विद्युतचुंबकीय व्यत्ययाचा प्रश्न धर्मविचाराच्या कक्षेत येतो तो इथे. चार्जर बनवणाऱ्याला रेडिओ बिघडवायचा नव्हता. वापरणाऱ्याला तर अशी काही गोष्ट आहे हेही ठाऊक नसते. मॉस्फेटला हेतू नाही. तरीही कोणाचे तरी नुकसान होते, आणि ज्याचे होते त्याला कर्ता दिसत नाही. हेतूशिवाय घडलेल्या उपद्रवाला कर्ता असतो का, आणि असला तर त्याने काय करावे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार बारकाईने हाताळला आहे. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. हा तंत्राचा विषय त्यांच्यासमोर ठेवला की मतभेद नेमका कुठे आहे ते स्पष्ट दिसू लागते.

आधी उपद्रव जवळून पाहावा. अमरावती जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे हे मुंबई-नागपूर-हावडा मार्गावर बडनेरा आणि वर्धा यांच्या मधले कापसाच्या बाजाराचे गाव. स्टेशनावरूनच त्याच्या नावाला ‘रेल्वे’ जोडले गेले. नागपूर इथून शंभरेक किलोमीटर. आकाशवाणी नागपूरची मध्यमलहर ५८५ किलोहर्ट्झची, दिवसाउजेडीही या भागात पोचणारी. ओसरीवर ट्रान्झिस्टर त्या जागी लावावा आणि शेजारच्या बोर्डात एखादा स्वस्त चार्जर खोचावा. निवेदकाच्या आवाजाखाली घुंई सुरू होते, कधी तिच्यावर शीळही चढते. ट्रान्झिस्टर दोन हात दूर नेला तर घुंई झपाट्याने उतरते. तो उभा-आडवा फिरवला तर एका दिशेला ती जवळजवळ बुजते, कारण आतली फेराइटची कांडी एका ठरावीक दिशेचे चुंबकीय क्षेत्र घेत नाही. मग तोच ट्रान्झिस्टर चार्जरपासून दहा पावलांवर, पण भिंतीतल्या वायरिंगला लागून धरावा. घुंई परत येते. चार्जर इथे नाही, पण त्याची खरखर घरभराच्या तारांतून इथवर आली आहे. घरातली वायरिंगच तिची एरियल झाली आहे.

या चार्जरांपैकी अनेकांची नियंत्रक चिप ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालते. तुकडे पाडलेली वीज शुद्ध एका वारंवारतेची नसते. तिच्यात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटींच्या लहरी, म्हणजे हार्मोनिक, असतात. ६५ ची नऊपट ५८५. नववा हार्मोनिक थेट नागपूर केंद्रावर येऊन बसतो. चिप तापली की तिची वारंवारता किंचित सरकते आणि शीळ वर-खाली होते. योगायोग खरा, पण ६५ हा आकडा मात्र योगायोगाने निवडलेला नाही.

तारांतून परत वीजवाहिनीत जाणाऱ्या व्यत्ययाच्या मर्यादा सीआयएसपीआर या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिल्या आहेत. ती १९३४ मध्ये स्थापन झाली, रेडिओ घरोघरी पोचत असताना, आणि तिचे काम रेडिओच्या श्रोत्याला वाचवणे हेच होते. घरगुती उपकरणांच्या बऱ्याच प्रकारांसाठी हे मोजमाप १५० किलोहर्ट्झपासून वर सुरू होते. ६५ ची दुप्पट १३०. म्हणजे सर्वांत जोरकस मूळ लहर आणि तिच्यामागची दुसरी, दोन्ही मोजणीच्या रेषेखाली राहतात. हिशेब द्यावा लागतो तो तिसऱ्या, १९५ किलोहर्ट्झच्या लहरीपासून. त्यात बेकायदेशीर काही नाही, आणि कमी खर्चात फिल्टर बसवण्याची ती समंजस युक्तीही आहे. मात्र नियमाचे अक्षर पाळणे आणि शेजाऱ्याला त्रास न देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या एका आकड्याइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

त्याच समितीच्या मोजमापात एक गोष्ट मात्र मनापासून आदर वाटावा अशी आहे. तिच्या जुन्या मापकयंत्रातला ‘क्वासी-पीक’ शोधक खरखर केवळ किती व्होल्टची ते मोजत नाही. सेकंदाला एखादाच टक् आवाज आला तर श्रोत्याला तो फारसा खुपत नाही. तेवढ्याच जोराचे टक् सेकंदाला शेकडो आले तर ऐकणे अशक्य होते. हा शोधक दुसऱ्याला जास्त गुण देतो, पहिल्याला कमी. मोजणीचा पट्टा १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या टप्प्यात ९ किलोहर्ट्झ रुंद ठेवला आहे, म्हणजे साधारण एका रेडिओ केंद्राएवढा. उपद्रव मोजायचा तो ज्याला होतो त्याच्या कानाने मोजायचा, करणाऱ्याच्या हेतूने नाही, असा निवाडा अभियंत्यांनी एका मापकयंत्रात कोरून ठेवला.

आता दर्शने. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, गृहस्थ अनुयायी उपाली नालंदेत बुद्धांशी वाद घालायला येतो. वाद असा, की पापकर्मात शरीराची कृती भारी की मनाची. बुद्ध विचारतात, संयमाने चालणाऱ्या निगंठाच्या पायाखालीही बारीक जीव मरतात. त्याचे फळ काय? हेतू नसेल तर तो मोठा दोष नाही, असे उपालीकडूनच येते, आणि मग हेतू मनाचाच ठरतो. बौद्ध विचारात चेतना म्हणजेच कर्म, हे त्यामागचे सूत्र. त्या न्यायाने चार्जरची खरखर कर्मच नव्हे, ती नुसती घटना ठरेल.

हा संवाद बौद्ध ग्रंथातला आहे, म्हणून जैन बाजू त्यात पुरती येत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द मध्यभागी ठेवला: प्रमत्त होऊन, बेसावधपणे केलेल्या हालचालीने प्राणांना इजा होणे ती हिंसा. इथे मारण्याची इच्छा असलीच पाहिजे असे नाही. काळजी न घेणे पुरेसे आहे. आणि काळजी घेऊनही जे घडले ते वेगळ्या कोटीत जाते. म्हणून जैन साधूला पाच समिती सांगितल्या आहेत. चालताना पुढची चार हात जमीन पाहणे ही ईर्यासमिती, बोलताना भाषासमिती, भिक्षा घेताना एषणासमिती, वस्तू उचलता-ठेवताना आदाननिक्षेपसमिती, आणि पाचवी उत्सर्गसमिती. देह आहे तोवर मलमूत्र आहे. ते टाकायचे तर जिथे जीवजंतू नाहीत, कोणाला बाधा नाही, अशी जागा पाहून टाकायचे.

मराठी पाठ्यपुस्तकांत उपकरणातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींना ‘उत्सर्जन’ म्हणतात. धातू एकच, सृज्. शब्दांच्या या नात्यावर फार भार टाकू नये, पण प्रश्नाची रचना खरोखर तीच आहे. स्विच चालेल तेव्हा उत्सर्ग होणारच. तो कुठे आणि कसा होतो, एवढेच हातात असते.

तिसरी भूमिका गीतेच्या अठराव्या अध्यायातली. अग्नीला जसा धूर तसा प्रत्येक आरंभाला दोष लागलेलाच असतो, म्हणून आपल्या वाट्याचे कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे तिथे सांगितले आहे. कार्यक्षमतेच्या मुळाशी जी घाई तीच खरखरीच्या मुळाशी, हे पाहिले तर हा दृष्टान्त तंतोतंत लागू पडतो. पण तो अर्ध्यावर थांबवून वापरण्याची सवय फार आहे. धूर अटळ, हे वऱ्हाडातल्या चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. तरी कोणी घरात धूर कोंडू देत नाही, चुलीच्या वर धुराडे ठेवतात. दोष अटळ आहे या वाक्याने कर्म करण्याची मुभा मिळते, धूर शेजाऱ्याच्या घरात सोडण्याची नाही.

या तिन्हींत जैनांची प्रमादाची कसोटी तंत्राला सर्वांत उपयोगी पडते, कारण तिच्यात ज्ञानाला जागा आहे. ज्या दिवशी पहिल्यांदा मापकयंत्र लावून खरखर मोजली गेली, त्या दिवसापर्यंत ती अजाणता होती. मोजमाप हाती असताना, उपाय पुस्तकात छापलेले असताना आणि त्यांचा खर्च काही रुपयांत असताना फिल्टरची जागा सर्किट बोर्डावर रिकामी सोडून दिलेला चार्जर हा प्रमाद आहे. स्वस्त चार्जर उघडून पाहिला तर ती जागा अनेकदा दिसतेही: बोर्डावर कॉइलची खूण छापलेली, तिची भोके पाडलेली, आणि त्यांत कॉइलऐवजी वायरचे दोन तुकडे जोडलेले. आराखडा करणाऱ्याला माहीत होते. बनवताना काढून टाकले.

व्यत्यय कमी करण्याच्या उपायांना एक क्रम आहे आणि तो क्रमच महत्त्वाचा. आधी उगमापाशी, मग वाटेत, शेवटी झाकण. उगमापाशी पहिली गोष्ट प्रवाहाचा फेरा. स्विच, डायोड आणि इनपुटचा कंडेन्सर यांच्यामधून जो प्रवाह झटक्याने सुरू होतो नि तुटतो, त्याच्या वाटेने वेढलेले क्षेत्रफळ जेवढे, त्या प्रमाणात भोवतीचे चुंबकीय क्षेत्र. चार चौरस सेंटिमीटरचा फेरा एका चौरस सेंटिमीटरवर आणला, तर क्षेत्र चौथ्या हिश्शावर येते. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. सिरॅमिक कंडेन्सर स्विचला चिकटून ठेवायचा आणि जाण्या-येण्याच्या वाटा एकमेकींच्या अंगाला लावायच्या, इतकेच. फुकटात होणारे काम न करणे हा प्रमादाचा सर्वांत निर्विवाद नमुना.

दुसरी गोष्ट घाई थोडी कमी करणे. स्विचच्या गेटमध्ये रोधक वाढवला की चढण्याचा वेळ, समजा, ३० नॅनोसेकंदांवरून ६० वर जातो. मग ज्या वारंवारतेच्या पुढे हार्मोनिक झपाट्याने उतरू लागतात ती सुमारे साडेदहा मेगाहर्ट्झवरून सव्वापाचवर येते आणि त्यापुढची खरखर साधारण निम्मी होते. पण मधल्या क्षणी जळणारी वीज तितकीच वाढते, चार्जर जास्त तापतो, हीटसिंक मोठे लागते. इथे पहिल्यांदा खरा पेच उभा राहतो, कारण तोटा बनवणाऱ्याचा आणि फायदा न पाहिलेल्या शेजाऱ्याचा. शून्य दाबावर स्विच चालू करणाऱ्या रेझोनन्ट मांडण्या हा पेच बराच सैल करतात, पण त्यांचे गणित अवघड आणि सुटे भाग जास्त.

तिसरी गोष्ट परतीची वाट, आणि या विषयात सर्वांत कमी समजलेली. प्रवाह जिथून निघाला तिथे परत जातोच. त्याला वाट दिली नाही तर तो वाट काढतो. मॉस्फेटचा दाब ५० नॅनोसेकंदांत ३०० व्होल्ट चढला आणि तो ज्या हीटसिंकवर बसवला आहे त्याच्याशी फक्त २० पिकोफॅरडची अभावित धारिता असली, तरी तेवढ्या क्षणापुरता १२० मिलिअँपिअर प्रवाह हीटसिंकमधून जमिनीकडे, भिंतीकडे, वापरणाऱ्याच्या हाताकडे निघतो आणि घरच्या वायरिंगमधून वळसा घेऊन परततो. यालाच कॉमन मोड म्हणतात. मीटरभर लांबीच्या तारेत ५० मेगाहर्ट्झचा केवळ ५ मायक्रोअँपिअर असा प्रवाह वाहिला, तरी घरगुती उपकरणांची हवेतल्या उत्सर्जनाची मर्यादा गाठली जाते. इतके थोडे पुरते. उपाय म्हणजे आतल्या आत जवळची परतवाट: ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंमध्ये एक छोटा निळा वाय-कपॅसिटर, वेढ्यांच्या मध्ये तांब्याचा पडदा, आणि वीज आत येते तिथे दोन्ही तारा एकत्र गुंडाळलेले कॉमन मोड चोक. हे धुराडेच आहे.

वाय-कपॅसिटर मोठा करता येत नाही, कारण त्यातून ५० हर्ट्झची वीजही थोडी झिरपते. २.२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर. दोन पिनांच्या चार्जरला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवले की जी झिणझिण लागते ती हीच. तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. वऱ्हाडातल्या अनेक जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. तिथे उत्तम फिल्टरही अर्धाच काम करतो. ज्याने उगमापाशी सगळे केले त्याचेही पुण्य घराच्या वायरिंगवर अवलंबून राहते. कर्ता एकटा नसतो, हे बिकट सत्य इथे समोर येते.

एक उपाय मात्र धर्मदृष्ट्या तपासून घ्यावा असा आहे. आजच्या बहुतेक चिपा आपली वारंवारता मुद्दाम थोडी हलती ठेवतात, ६५ च्या मागेपुढे काही टक्के. त्यामुळे प्रत्येक हार्मोनिक एका जागी टोकदार न राहता पसरतो आणि मापकयंत्रावरचे शिखर खाली येते. ५८५ वर येणारी शीळ जाते. पण एकूण ऊर्जा तेवढीच राहते. ती आजूबाजूच्या केंद्रांवर पातळ होऊन पसरते. एका श्रोत्याचा मोठा त्रास अनेकांच्या थोड्या थोड्या त्रासात वाटून दिला जातो. शिळेपेक्षा मंद फुसफुस सहन होते, त्यामुळे हा उपाय निरर्थक म्हणता येणार नाही. पण फिल्टर काढून त्याच्या जागी तो वापरला, तर दोष कमी झालेला नसतो, मोजणीत दिसेनासा झालेला असतो. एका घरात वीस उपकरणे अशी झाली की पातळ थर एकावर एक चढून जाड होतात.

धामणगावच्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांचा दिवस इथे आठवल्याशिवाय राहत नाही. गावात आले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनात घाण करणाऱ्या, कर्ज काढून देवकार्य करणाऱ्या, बळी देणाऱ्या माणसांशीच बोलायचे. नुसते झाडून गाव दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होते. नुसत्या बोलण्याने आज पडलेला कचरा उचलला जात नाही. रेडिओच्या बाजूला फिल्टर लावणे, तारेवर फेराइटचा मणी अडकवणे, ट्रान्झिस्टर फिरवून ठेवणे हे खराट्याचे काम. त्याची गरज कधी संपत नाही. पण जो फक्त तेवढेच करायला सांगतो तो कचरा टाकणाऱ्याला सोडून ज्याच्या दारात पडला त्याच्यावर भार घालतो.

धामणगावच्या फलाटासमोरून जाणारे मालगाडीचे विद्युत इंजिन हा याच यंत्राचा महाकाय अवतार. वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज घ्यायची, तिचे डीसी करायचे आणि पुन्हा तुकडे पाडून तीन फेजच्या मोटारींना द्यायची. परतीचा प्रवाह रुळांतून जातो, आणि गाडी कुठे आहे हे सिग्नलला सांगणारी ट्रॅक सर्किटे त्याच रुळांवर काम करतात. म्हणून इंजिनाच्या प्रवाहातल्या हार्मोनिकांवर कडक मर्यादा असतात. इथे खरखरीचा अर्थ निवेदकाचा बुजलेला आवाज नाही, चुकीचा सिग्नल आहे. रुळांलगतच्या टेलिफोन तारांना वाचवण्यासाठी २५ केव्ही पद्धतीत बूस्टर ट्रान्सफॉर्मर आणि वेगळी परततार वापरली गेली: जमिनीत पसरणारा परतीचा प्रवाह ओढून वरच्या तारेच्या शेजारी आणायचा. सर्किट बोर्डावर फेरा लहान करणे आणि मैलोगणती लोहमार्गावर परततार टाकणे, हे एकच काम.

आकाश ही सामायिक वस्तू आहे. वैशेषिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले. ते भौतिकशास्त्र म्हणून आज टिकत नाही, पण ऐकू येण्यासाठी सगळ्यांना लागणारे आणि कोणाच्याच मालकीचे नसलेले असे एक तत्त्व असते, ही जाण त्यात आहे. तिची सर्वांत नाजूक कसोटी महाराष्ट्रातच पाहायला मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेली. जागा निवडताना रेडिओ-शांतता हा एक मोठा निकष होता. आकाशगंगेपलीकडून येणारे संकेत ज्या एककात मोजतात तो जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० च्या उणे २६ व्या घाताइतका वॉट. त्यापुढे गावातला एक बिनफिल्टरचा एलईडी बल्बही आरडाओरडा ठरतो. उपद्रव सोसणाऱ्याला दुरून येणारा आवाज ऐकायचा असतो तेव्हाच शेजाऱ्याच्या उत्सर्जनाची खरी किंमत कळते.

दुर्बिणीपाशीही संगणक, मोटारी आणि स्विचिंग वीजपुरवठे आहेत, आणि जो नियम गावाला तो त्यांनाही. ऐकणाऱ्याने स्वतःचे उत्सर्जन धातूच्या आवरणात कोंडायचे. हे आवरण किती गळते ते त्याच्यातल्या फटीच्या क्षेत्रफळावर फारसे ठरत नाही, लांबीवर ठरते. हायड्रोजनची लहर २१ सेंटिमीटरची, १४२० मेगाहर्ट्झची. कागद जेमतेम सरकेल एवढी अरुंद पण साडेदहा सेंटिमीटर लांब फट त्या लहरीला उघड्या दारासारखी असते, उलट तितक्याच क्षेत्रफळाची बारीक गोल भोके तिला जवळजवळ बंद. म्हणून अशा खोलीच्या दाराच्या चारी कडांना तांब्याच्या मिश्रधातूची लवचीक बोटे ओळीने बसवतात; दार लोटले की ती दाबली जाऊन चौकटीला जागोजागी टेकतात आणि लांब फटीचे अनेक आखूड तुकडे होतात.